सुर्वे सिस्टरांची हडळ

कोकणात भुताला तिकीट लावायचं म्हणजे मिठागरात जाऊन मीठ विकायला बसायचं. हे मी मंडळाच्या पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. म्हटलं, अरे बाबांनो, आपल्याकडे वाडीवाडीला मुंजा आहे, विहिरीविहिरीला जखीण आहे, उघड्या कातळाच्या सड्यावर चकवा आहे. सगळं फुकट. आणि त्यातलं प्रत्येक भूत कुणाच्या ना कुणाच्या काकानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. त्यासाठी रांगेत उभं राहून तिकीट कोण काढणार? पण माझं ऐकतो कोण! माझं इलेक्ट्रिकचं दुकान, म्हणजे मी पडलो लाइटवाला. आमचे अध्यक्ष बापू खातू म्हणाले, "दिन्या, तू वायरी जोड. डोकं आम्ही चालवतो."

तर त्यांनी डोकं चालवलं आणि मे महिन्यात, मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असताना, आमच्या रत्नागिरीत भुतांचं घर उभं राहिलं. बंद पडलेल्या एका काजूच्या कारखान्याचं जांभ्या दगडाचं गोदाम मालकानं फुकट वापरायला दिलं. पावसाळ्यात पडव्यांना लावतात ते काळं प्लॅस्टिक ताणून आत बोळ काढले. वटवाघळं आधीपासून होतीच. भुतं म्हणजे आम्हीच गावातले लोक: बँकेतला कॅशियर खवीस, रिक्षावाला मुंजा, दोन शिक्षिका जखिणी. पगार कुणालाच नाही, संध्याकाळी सुकी भेळ आणि सोलकढी. जे जमेल ते गावातल्याच कामांना द्यायचं, आणि त्यात पहिला हक्क दिव्यांग मुलांच्या शाळेचा, असं ठरलं.

सुर्वे सिस्टर या सगळ्यात आल्या त्या भूत म्हणून नव्हेत. त्यांना बापूंनी प्रथमोपचाराला बोलावलं होतं. निवृत्त नर्सबाई. सगळी नोकरी जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत गेलेली. पाली म्हणू नका, नाटे म्हणू नका, जिथं पाठवलं तिथं राहिल्या. उंची बेताची, अंगानं भरलेल्या, पांढरे केस मागे करकचून बांधलेले, आणि खांद्याला एक खाकी पिशवी. आमच्या भागातल्या दोन पिढ्यांचे दंड त्यांनी टोचलेले. माझाही. शाळेच्या ओट्यावर त्यांची चप्पल दिसली की आम्ही मागच्या खिडकीतून उड्या टाकायचो, आणि खिडकीखाली त्यांनी आधीच शिपाई उभा केलेला असायचा.

हडळीचं काम एका कॉलेजच्या मुलीला दिलं होतं. पहिल्या दिवशी तिकिटांची रांग लागली आणि हडळीचा पत्ता नाही. फोन केला तर आई म्हणाली, "लग्नाच्या मुलीनं हडळ व्हायचं? उद्या स्थळं येतील का?" झालं! बापूंना दरदरून घाम. तेवढ्यात कोपऱ्यात आयोडीनची बाटली पुसत बसलेल्या सिस्टर उठल्या. हडळीसाठी केलेला काथ्याच्या केसांचा टोप उचलून डोक्यावर चढवला, तोंडाला तांदळाचं पीठ फासलं आणि म्हणाल्या, "कुठं उभं राहायचं तेवढं दाखवा."

बापू म्हणाले, "पण सिस्टर, तुम्हाला ओरडायला जमेल का?"

"मी कशाला ओरडू? समोरचा ओरडेल की."

पहिलंच गिऱ्हाईक आलं ते एक कंत्राटदार. नाव सांगत नाही, अजून बिलं मागायला जावं लागतं. सहा फूट उंची, हातात कडं, मागे दोन मित्र मोबाईलवर शूटिंग करतायत. सांगाड्याशी हस्तांदोलन केलं, मुंज्याची शेंडी ओढली, खविसाला म्हणाला, "काय कॅशियर, चेक पास झाला का?" माझा स्विचबोर्ड हडळीच्या कोनाड्याला लागूनच, मधे फक्त प्लायवूड. मला वाटलं, गेली इज्जत. सिस्टर अंधारात गप्प उभ्या. तो अगदी हाताच्या अंतरावर आला, मी लाल दिवा दिला, आणि सिस्टर आपल्या रोजच्या आवाजात, उपकेंद्रात म्हणायच्या तशाच, म्हणाल्या, "बाही वर कर."

तो जो किंचाळला! बोळ-बिळ काही नाही, समोरचं प्लॅस्टिक फाडून सरळ बाहेर. बाहेरच्या लोकांनी सांगितलं, चांगला पाच मिनिटं डावा दंड धरून उभा होता. त्या संध्याकाळपासून हडळ कोण, हा प्रश्नच उरला नाही.

हडळीची पावलं उलटी असतात, हे मात्र सिस्टरांनी कधीच मान्य केलं नाही. बापूंनी उलटे बूट शिवून आणले होते. सिस्टरांनी ते हातात धरून सगळ्या बाजूंनी बघितले. "उलट्या पावलांनी बाई चालेल कशी? घोट्याचं काय? गुडघ्याचं काय? उगाच काय वाट्टेल ते!" बूट पडून राहिले. आमची हडळ शेवटपर्यंत साध्या रबरी चपलेत उभी राहिली.

आणि त्या चौकशा! सिस्टरांना एक जन्माची सवय होती. माणूस भेटला की नमस्कार वगैरे नाही, सरळ अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढून बघायच्या. "रक्त कमी आहे. नाचणी खा, शेवग्याचा पाला खा." हे बाजारात, लग्नात, कुणाच्या दहाव्याला गेल्या तर तिथंसुद्धा. ती सवय हडळ झाल्यावर जाणार कशी? अंधारात लाल दिवा लागायचा, केस सोडलेली पांढऱ्या तोंडाची बाई पुढे यायची, बघणारा अर्धमेला व्हायचा, आणि त्याची पापणी ओढून हडळ म्हणायची, "तू पालीच्या शेट्यांचा ना? आईचा गुडघा कसा आहे? आणि बहिणीचे दिवस भरत आले असतील, नाव कुठं घातलंय?"

मागे रांग तुंबायची. मी प्लायवूडमागून कुजबुजायचो, "सिस्टर, पुढे सोडा." पण त्यांचं चालूच. शेवटी बापू वैतागले. "सिस्टर, भूत चौकशा करत नाही हो!"

"मुंबईचं करत नसेल," सिस्टर म्हणाल्या. "आपल्याकडचं करेल. ओळखपाळख काढल्याशिवाय आपल्याकडे कुणी कुणाला पाणी तरी पाजतं का? मग भूत नुसतंच घाबरवून सोडेल?"

गंमत म्हणजे लोक त्या चौकशांसाठीच परत परत यायला लागले. मुंबईला जाऊन वीस-वीस वर्षं झालेले बाप्ये, ज्यांना आता गावात अर्धी माणसं ओळखत नाहीत, ते हडळीनं आपलं घराणं ओळखलं म्हणून बाहेर येऊन डोळे पुसताना मी बघितलेत.

पुढे दर मे महिन्यात हा खेळ व्हायला लागला, आणि दरवर्षी सुरुवातीला आम्ही जागेच्या राखणदाराला नारळ ठेवायचो. गोदामाच्या मागे पिंपळाखाली त्याची जागा. म्हातारे तात्या गाऱ्हाणं घालायचे: "हे महाराजा, ही लेकरं तुझ्या जागेत खोट्या भुतांचा खेळ मांडतायत. खऱ्यांनी राग मानू नये, कुणाच्या अंगाला लागू नये, आणि लाइट जाऊ नये!" आम्ही सगळे हात जोडून, "व्हय महाराजा!" सिस्टर मोठ्यानं जोडायच्या, "आणि पोरांना ताप येऊ नये." त्याशिवाय तात्यांना पुढे जाऊ द्यायच्या नाहीत.

एकदा नारळाचा प्रसाद खात बसलो असताना मी त्यांना विचारलं, "सिस्टर, तुम्ही एवढ्या सड्यांवरनं एकट्या फिरलात. खरं भूत कधी बघितलंत?"

त्यांनी खोबरं चावत माझ्याकडे बघितलं. "बघितलं कसलं! मीच होते."

मग सांगितलं. नोकरीला नुकत्याच लागलेल्या, नाट्याला. सड्यापलीकडे एक वाडी. लसीकरण आटपून परत यायला तिन्हीसांज व्हायची, म्हणून हातात कंदील. एक दिवस वाडीतली एक म्हातारी त्यांना म्हणाली, "बाय, तिन्हीसांजेला सड्यावर जाव नको. थय दिवा फिरतो. मधेच बसतो, परत उठून चालतो." सिस्टर तेव्हा विशीतल्या. घाबरल्या बिचाऱ्या! तेव्हापासून सड्यावर आल्या की देवाचं नाव घेत घेत पळायच्या. पुढच्या महिन्यात म्हातारी म्हणाली, "आता तर तो दिवा धावतो गो! आणि पुटपुटतो." वाडीतल्या लोकांनी दिवेलागणीला दारं लावून घ्यायला सुरुवात केलेली. सिस्टरांनी विचारलं, रोज दिसतो का? म्हातारी म्हणाली, "नाय, फक्त सोमवारी नि गुरुवारी." ते दोन त्यांच्या लसीकरणाचे वार!

"आणि बसतो म्हणजे काय," सिस्टर हसून हसून लाल झालेल्या, "माझी चप्पल तुटकी होती रे, खडा जायचा तिच्यात! मी बसून खडा काढायची. स्वतःच्याच भुताला भिऊन महिनाभर पळाले मी. तेव्हापासून सड्यावरनं जाताना हाक घालत जायची, मी नर्सबाई आहे गो, दारं उघडा!"

हे ऐकून आम्ही सगळी भुतं हसत सुटलो. तात्यांना तर ठसका लागला, आणि सिस्टरांनी लगेच त्यांच्या पाठीवर गुद्दे घातले.

त्यांची काम करायची एक रीत होती, ती मला जवळून दिसायची. किंचाळणं वेगळं आणि रडणं वेगळं, हे त्यांना अंधारात नुसत्या आवाजावरून कळायचं. किंचाळणाऱ्याला आणखी घाबरवायच्या. पण एखाद्या पोराचा आवाज जरा फिरला की प्लायवूडवर टकटक. त्याबरोबर मी पांढरा दिवा लावायचा. मग सिस्टर खाली बसून टोप काढायच्या, पोराच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "बघ, काथ्या आहे. घाल तू डोक्यावर. आता मला घाबरव." आणि मग त्या स्वतः असं काही ओरडायच्या की पोर खदाखदा हसायचं. रडत बाहेर आलेलं पोर मी एकही बघितलं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

एका वर्षी खेळाच्या शेवटच्या दिवशी शाळेला देणगी द्यायचा कार्यक्रम होता. गोदामासमोर मांडव, शाळेची मुलं आणि त्यांचे आईबाप खुर्च्यांवर, मुलांच्या हातात लाडू. पुठ्ठ्याचा मोठा चेक, बापूंचं भाषण. ऊन कलायला लागलेलं. सिस्टर संध्याकाळच्या खेळासाठी तयार होऊन आल्या, तोंडाला पीठ, डोळ्यांत काजळाचे डबे. आल्या आणि उभ्याच राहिल्या. मुलं बापूंकडे बघतच नव्हती. सगळ्या माना गोदामाच्या काळ्या दाराकडे.

भाषण संपायच्या आत सिस्टरांनी बापूंना विचारलं, "यांना आत नेलंत?"

"सिस्टर, काय बोलता? ही मुलं... घाबरतील ना."

"भुताच्या घरात घाबरणार नाहीत तर काय आरती म्हणतील?"

"काही झालं-बिलं तर?"

"मी आहे." सिस्टरांचा आवाज चढला. "बापू, यांच्या नावानं आपण गावाकडे पैसे मागतो. सगळं गाव आत जाऊन आलं, ह्यांना सोडून. लाडू दिलात, चेक दिलात. निदान भ्यायला तरी द्या त्यांना!"

मग शाळेच्या मुख्याध्यापिका उठल्या आणि म्हणाल्या, "आईबापांची हरकत नसेल तर माझी नाही." सिस्टर प्रत्येक आईबापापाशी स्वतः गेल्या, मुलाची औषधं विचारली, हरकत विचारली. एका मुलाला फिट्स यायच्या, त्याला आत नेलं नाही. त्याच्यासाठी मुंजा बाहेर आला आणि उन्हात त्याच्यासमोर नाचला. बाकीची मुलं आत गेली. काय तो आरडाओरडा! गोदामाची कौलं उडतात की काय असं वाटलं. बाहेर आली ती एकमेकांना मिठ्या मारत.

आईनं नको म्हटलेली एकच मुलगी मांडवात राहिली. वैशू. एकोणीस-वीस वर्षांची, चाकाच्या खुर्चीत. बुद्धी तल्लख, पण हातपाय तिचं ऐकत नाहीत, आणि बोलणं तिच्या आईशिवाय कुणाला फारसं कळत नाही. आई म्हणजे रंजना, भाट्याहून मासे घेऊन आमच्या आळीत येते. सुरमई घ्यायला गेलो की माझ्याशी हुज्जत घालणारी बाई, पण पोरीच्या बाबतीत फटाकासुद्धा जवळ वाजू द्यायची नाही. वैशू खुर्चीच्या हातावर थाडथाड हात आपटत होती, दाराकडे मान वेळावत होती, आणि रंजना म्हणत होती, "नको म्हटलं ना. नको म्हणजे नको."

सिस्टर एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढून रंजनासमोर बसल्या. सवयीनं आधी पापणी ओढली. "रक्त नाही अंगात. काय खातेस?" मग हात तसाच राहिला. निरखून बघितलं. "तू नाट्याची. धक्क्याजवळच्या आडिवरेकरांची. रंजना."

"व्हय सिस्टर. वैशू तुमच्याच हातची."

"मग माझ्याकडे द्यायला भितेस?"

रंजनानं मान खाली घातली. "सिस्टर, भीतीनंच तर ही अशी झाली. आता परत नको."

"कोण म्हणालं?"

"सासूबाय. सगळेच म्हणतात." आणि मग ती भडाभडा बोलली. सातवा महिना होता. तिन्हीसांजेला भाट्याच्या सुरूच्या बनात लाकडं गोळा करायला गेली आणि समोरनं काहीतरी पांढरं उठलं. धावत घरी आली, अंगात ताप. पोटातलं पोर तेव्हाच दचकलं, असं सासू म्हणाली. बाळंत झाल्यावर सहा महिने झाले तरी पोर मान धरेना, तेव्हा सगळ्या भावकीनं तेच म्हटलं. "मी जायला नको होतं तिन्हीसांजेला. माझ्यामुळं झालं हे." हे ती वैशूसमोरच बोलत होती. वैशूनं लहानपणापासून हेच ऐकलेलं.

सिस्टरांनी डोक्यावरचा टोप काढून मांडीवर ठेवला. त्यांचा चेहरा पिठाखाली कसा झाला असेल कुणास ठाऊक, पण आवाज मी कधी ऐकला नव्हता असा हळू होता.

"रंजना, माझ्याकडे बघ. तू माहेरी आलीस ना आठव्यात, मी तेव्हा दुसऱ्यांदा नाट्याला होते, तेव्हापासून दर आठवड्याला मी हिचे ठोके ऐकलेत. काही झालेलं नव्हतं हिला. अगदी खणखणीत होते. बाळंतपण अडलं, गो. आषाढातला पाऊस, ओढ्याला पाणी, जीप पलीकडे अडकलेली. मी एकटी. ही बाहेर आली ती निळी. रडली नाही. मी तोंडानं श्वास दिला हिला, किती वेळ दिला मलाच आठवत नाही, तेव्हा कुठं आवाज फुटला. तेवढ्या वेळात डोक्याला हवा मिळाली नाही. त्यानं झालं हे. तुझ्या भीतीनं नाही, बनानं नाही. ऐकलंस?"

"मला कुणी नाय सांगितलं," रंजना म्हणाली.

"तुझ्या आईला मी सगळं समजावलं होतं. पुढे त्रास होईल, डॉक्टरांना दाखवा, सगळं. ती म्हणाली, बाळंतिणीच्या कानावर वाईट घालू नये. सव्वा महिना होऊ दे, मग मी सांगते."

"आय त्याच दिवाळीत गेली. कायच बोलली नाय."

"आणि माझी बदली झाली." सिस्टरांनी कपाळावर हात मारून घेतला, पिठाचा धुरळा उडाला. "बाळंतिणीला सांगू नये म्हणे! जिचं पोर तिलाच सांगायचं नाही! मी तरी कशी ऐकले? खाटेवरच तुला सांगायला हवं होतं गो."

रंजना रडली नाही. तिनं विचारलं, "म्हणजे मी बनात गेले नसते तरी?"

"तरी."

"भ्याले नसते तरी?"

"तरी हेच झालं असतं."

"ताप आला नसता तरी?"

"अगो तरीसुद्धा!"

ती एकेक करून सगळं विचारत होती, आणि सिस्टर प्रत्येकाला तेच उत्तर देत होत्या, न कंटाळता. मी वायरचं भेंडोळं हातात घेऊन शेजारी उभा. किती वर्षं ही बाई डोक्यावर माशाची पाटी आणि मनात हे घेऊन आमच्या दारात येत होती, आणि मी तिच्याशी दहा-दहा रुपयांवरून भांडत होतो.

वैशूनं पुन्हा हात आपटला आणि काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. रंजनानं तिच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "जा."

खुर्ची पहिल्याच वळणाला अडकली, तेव्हा खवीस आणि मुंज्यानं ती उचलून घेतली. मी धावत जाऊन बोर्डावर बसलो. हडळीच्या कोनाड्याशी ती आली, मी लाल दिवा दिला, आणि वैशूच्या तोंडून असा आवाज निघाला की टकटक होण्याची वाट न बघता मी पांढरा दिवा लावला.

"बंद कर मेल्या!" सिस्टर ओरडल्या. "हसतेय ती!"

मी दिवा मालवला. त्यानंतर वैशूला आम्ही किती फेऱ्या मारून आणलं ते विचारू नका. खविसाचे खांदे दुखायला लागले, बाहेर तिकीटवाले खोळंबले, आणि बापू स्वतः म्हणाले, थांबू देत सगळे, पोरीला आणखी एकदा न्या.

शेवटी रंजनानं घरी जायला रिक्षा बोलावली. आमच्या मुंज्याचीच रिक्षा. वैशूला आत बसवलं, खुर्ची मिटून मागे टाकली. सिस्टर दारात उभ्या. अचानक त्यांनी विचारलं, "सासू आहे का अजून?"

"आहे की. पंच्याऐंशीच्या पुढे असतील. कान चांगले आहेत."

"सरक," सिस्टर म्हणाल्या आणि रिक्षात चढल्या.

बापू धावत आले. "सिस्टर, खेळ सुरू व्हायचाय! हडळ कोण?"

"तुम्ही व्हा."

"निदान तोंड तरी धुऊन जा!" मी म्हटलं.

सिस्टरांनी रिक्षातून तोंड बाहेर काढलं. अर्धं पीठ गळालेलं, काजळ गालांवर ओघळलेलं, मांडीवर तो काथ्याचा टोप. "कशाला? इतकी वर्षं हिला भिववलंन म्हातारीनं. जरा तिलाही भिऊ दे की." आणि रिक्षा भाट्याच्या पुलाकडे निघाली. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. पुढे मुंजा, मागे हडळ, आणि मधे बसलेल्या रंजनाचा हात हडळीनं दोन्ही हातांत घट्ट धरलेला. सिस्टरांना मी बघितलं ते तेवढंच शेवटचं. दुसऱ्या दिवशी त्या पुण्याला आपल्या मुलाकडे गेल्या, आणि श्रावणात तिकडूनच त्या वारल्याची बातमी आली.

बातमी आली त्या आठवड्यात रंजना मासे घेऊन दारात आली. पाटी उतरवली आणि मासे न दाखवता पायरीवर बसली. त्या संध्याकाळी काय झालं ते तिनं मला तेव्हा सांगितलं.

सासू ओटीवर बसलेली. दारात हडळ बघून "अगो बाय गो!" म्हणून खांबाला चिकटली. सिस्टर तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि ओढा, जीप, निळं पोर, सगळं पहिल्यापासून सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला तरी कुणी सांगितलं? मी आपली त्या बनालाच धरून बसले." रंजना सवयीनं चहा ठेवायला उठली, तर म्हातारीनं तिचा पदर धरला.

"तू बस. मी टाकते."

"लगीन होऊन आले तेव्हापासून पहिल्यांदा त्यांच्या हातचा चहा मिळाला," रंजना म्हणाली. "साखर घालायला विसरल्या होत्या. सिस्टरांनी वैशूला बशीतनं पाजला, मी घेतला, कुणी काय बोललो नाय."